निजलेल्या जमिनीचा दावा

(संघटनेच्या जव्हार-मोखाडा भागातल्या शिबिरात केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी टाचणावरून पुन्हा लिहून काढलं आहे. बोलताना थोडं वेगळं झालं असेल.)



टेबलावर तीन बाटल्या ठेवल्यात. मघाशी मागून कुणीतरी विचारलं, "औषध वाटणार का?" औषध नाही. तिन्हीत माती आहे आणि पाणी आहे. बाटल्यांकडे नंतर येते, आधी त्या का आणल्या ते सांगते.

मागच्या महिन्यात आमच्या पाड्यावर दाव्यांची मोका तपासणी झाली. मोजणीवाले आले, जीपीएसचं मशीन आणलं, गार्ड होता, आपल्या वनहक्क समितीची माणसं होती. आमचा दावा बाबांच्या नावावर आहे. जमीन तीन तुकड्यांत आहे. खाली ओहळाच्या कडेला भाताचं खाचर. त्याच्या वर उतारावर नागलीचा तुकडा. आणि त्याच्याही वर, टेपाडाच्या अंगाला अजून एक तुकडा, तो यंदा चौथं वर्ष टाकलेला आहे. तिथे आता कमरेएवढं गवत आहे, कुड्याची झुडपं आहेत, ऐनाच्या खोडांना फुटवे आलेत. मोजणीवाला खाचराला फिरला, नागलीला फिरला आणि त्याने मशीन बंद केलं. बाबा म्हणाले, "साहेब, वर अजून आहे." त्याने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "ते पडीक आहे. झाडी वाढली आहे. तिथे कब्जा दिसत नाही."

बाबा गप्प बसले. मी पण गप्प बसले, हे इथे सगळ्यांसमोर कबूल करते. बारावी सायन्स झालेली मुलगी, संघटनेचं काम करते, दुसऱ्याच्या पाड्यावर जाऊन बोलते, आणि स्वतःच्या बापाच्या जमिनीवर तोंडातून शब्द निघाला नाही. बाबांनी पंचनाम्यावर सही केली. संध्याकाळी पाड्यात विचारलं तर जवळजवळ प्रत्येक घराचं तेच झालेलं. खाचर मोजलं, यंदाची नागली-वरई मोजली, टाकलेला तुकडा सोडून दिला. आणि आपल्यातले काही जण तर म्हणत होते, "जाऊ दे, वरची जमीन हलकीच आहे, खालचं मिळालं ना, झालं."

झालं नाही. ते कसं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आता बाटल्या. ही पहिली, हिच्यातली माती टेपाडाच्या माथ्यावरची, वाघोबाच्या ठाण्याजवळची आहे. तिथे कुणी कोयता चालवत नाही. दुसरी उतारावरच्या नागलीच्या तुकड्यातली. आमचं मोठं घर वेगळं झालं तेव्हापासून तो तुकडा दरवर्षी नांगरावा लागतो, त्याला विश्रांती नाही. तिसरी खाचरातली. माथ्यावरून खाचरात उतरायला एक विडी ओढून होईल एवढाच वेळ लागतो. म्हणजे डोंगर एक, पाऊस एक, दगड एक. तरी बघा. तीन बाटल्यांत सारखीच माती घेतली, वरून पाणी घातलं, गच्च हलवून ठेवल्या. काका, तुम्ही पुढे बसलात, तुम्हीच सांगा काय दिसतं.

(काकांनी बघून सांगितलं: "मधलीत खाली खडा बसलाय, पाणी लवकर निवळलं. खाचराची अजून गढूळ. पहिलीत वर कचरा तरंगतोय.")

बरोबर. मधल्या बाटलीत खाली जाड थर बसला तो बारीक खडी आणि वाळूचा. तो लगेच बसतो. त्यावर बारीक माती आहे, पण पातळ थर आहे. तिसऱ्या बाटलीत चिकणमाती आहे, ती इतकी बारीक असते की पाण्यात लटकून राहते, बसायला रात्र जाते. आणि पहिल्या बाटलीत काका ज्याला कचरा म्हणाले तो कुजलेला पाला आहे. हातात घेतली तर ती माती काळपट आहे, भुसभुशीत आहे, वास येतो. मधली लाल आहे. लाल रंग लोखंडाचा. त्या मातीत कुजलेलं काही उरलेलं नाही म्हणून लोखंडाचा रंग उघडा पडला आहे.

हे असं का होतं? आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत पडतो. तिकडे मराठवाड्यात सात-आठशे मिलिमीटर. जून महिन्यात आपण उतार नांगरून ठेवलेला असतो, माती उघडी असते, पीक बोटभर पण नसतं. थेंब जोरात आपटतो, ढेकूळ फुटतं, माती सुटी होते. मग पाणी उताराने धावतं आणि जाताना काय नेतं? दगड नेत नाही, तो जड. आधी जातो कुजलेला पाला, तो सगळ्यात हलका. मग जाते बारीक माती. आणि पिकाचं खाणं या दोघांतच धरलेलं असतं. म्हणून पहिल्या पावसात ओहळ लाल होतो तेव्हा डोंगराचं खत वाहत चाललेलं असतं. त्यातलं थोडं खाली आपल्या खाचराच्या बांधाला अडतं. बाकीचं वैतरणेला नाहीतर वाघ नदीला जातं.

शिवाय एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही. एवढ्या पावसात चुना, पालाश हे सगळं पाण्यात विरघळून खोल निघून जातं. माती आंबट होते. आंबट लाल मातीत स्फुरद असला तरी तो लोखंडाला चिकटून बसतो, मुळाला सुटत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. पण ते आमच्या टेपाडाबद्दल लिहिलेलं आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणजे मग मोजणीवाला म्हणाला ते खरं की काय? वर हलकी, खाली भारी? शाळेत पण असंच शिकवलं होतं, डोंगरावरची माती निकृष्ट, सपाटीची सुपीक. मग ही पहिली बाटली बघा. सगळ्यात उंचावरची माती हीच, आणि तिन्हीत सगळ्यात जास्त पाला-कूज हिच्यातच आहे. उंची तिला आडवी आली नाही. कारण तिथे झाडं आहेत. झाडाचा पाला पावसाचा मार स्वतःवर घेतो, खाली पडलेला पाचोळा पाणी अडवतो, मुळं माती धरतात. आणि जे खत पाण्याबरोबर खोल गेलं ते मोठ्या झाडाची मुळं खालून ओढून परत पानात आणतात, पान पडलं की ते पुन्हा वर येतं. उलट उंचावर हवा थंड असते, पाला सावकाश कुजतो, कूज साठत जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर जिथे जुनं रान राहिलं आहे तिथे माती काळी असते. रान गेलं की त्याच उंचीवर काही वर्षांत कातळ उघडा पडतो.

तर उंची आणि उतार यामुळे माती वाहून जायची भीती वाढते, एवढं खरं. पण ती वाहून जाणार की राहणार हे त्या जमिनीवर आपण काय करतो त्यावर ठरतं. आणि आपण काय करतो ते कुणी ठरवलं, हा पुढचा प्रश्न.

आपले आजे-पणजे हे बाटलीत न घालता ओळखत होते. माझा आजा सांगायचा, नवीन काढलेल्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली. नागलीला खाणं लागतं, ते पहिल्या वर्षी असतं. दुसऱ्या वर्षी वरई, ती थोडक्यात भागवते. तिसऱ्या वर्षी खुरासणी, नाहीतर उडीद. उडदाच्या मुळावर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र धरून मातीत देतात. आजाला नत्र हा शब्द माहीत नव्हता. तो म्हणायचा, "उडदाने जमीन गार होते." मग चौथ्या वर्षी ती जमीन सोडायची आणि दुसरा तुकडा काढायचा. सोडली म्हणजे टाकून दिली नव्हे. "थकली ती, तिला निजू दे," असं तो म्हणायचा. आणि निजताना पण ती कामाची असायची. गुरं चरायची, शेण पडायचं. गवत छपराला आणि गुराला. ऐनाच्या फुटव्यांचा कवळ राबाला.

राबाबद्दल इथे थांबते, कारण सगळा हिशेब इथे जुळतो. खाचरातलं भात आपण कशावर काढतो? रोपावर. रोप कुठे होतं? राबावर. आणि राबाला काय लागतं? कवळ, गवत, पाचोळा, शेण. हे सगळं कुठून येतं? वरून. राब भाजला की तणाचं बी मरतं, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, आंबट माती थोडी गोडी होते. (भाजताना नत्र धुरात जातं, ते पण खरं आहे, त्यावर पुढे बोलते.) म्हणजे वरच्या तुकड्याची शक्ती डोक्यावरून भाऱ्याने खाली येते, गुराच्या पोटातून खाली येते, आणि पावसाच्या पाण्यातून गाळ होऊन खाली येते. खाचर काळं आणि चिकण आहे ते पिढ्यान् पिढ्या वरचं खाऊन. आता कुणी म्हणालं की खालचं घ्या आणि वरचं सोडा, तर तो गाय घेऊन जा म्हणतो आणि चारा देत नाही.

मग ही पद्धत मोडली कशी? आपल्यालाच लोक दोष देतात. आदिवासी डोंगर नांगरतो, माती वाहते, जंगल जातं. मी पण लहानपणी शाळेत हेच ऐकलं आणि मला लाज वाटायची. पण बघा. आजाच्या लहानपणी एक तुकडा तीन वर्षं पिकवून सात-आठ वर्षं निजवायचे. तेवढ्या जागा होत्या. मग हद्दी पडल्या, खुणेचे दगड रोवले गेले. काही रानात सागाची लागवड झाली, तिथे पाय ठेवला की केस. कुणाला एकसाली प्लॉट मिळाला, म्हणजे एका वर्षापुरता. ज्याला पुढच्या वर्षी जमीन राहील की नाही माहीत नाही, तो दगडी बांध कशाला घालेल? बांध दहा वर्षांसाठी असतो. घरं वाढली, भाऊ वेगळे झाले, तुकडे लहान झाले. निजायची वर्षं आठावरून पाचवर, पाचावरून दोनवर आली.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की भीतीने आपण जमिनीला निजू देणं बंद केलं. नांगर चालला नाही तर म्हणतील कब्जा नाही. म्हणून दरवर्षी थकलेल्या जमिनीत नांगर घालायचा, मूठभर वरई फेकायची, येवो न येवो. दाखवायला. आमच्या पाड्यात एका काकूने मला सांगितलं, मागच्या वर्षी त्यांच्या तुकड्यात पेरलं तेवढं पण हाताला आलं नाही. मी विचारलं, मग पेरता कशाला? म्हणाली, "पोरी, ती वरई नाय, ती पावती आहे." पावतीसाठी नांगरलेली माती त्या पावसाळ्यात वाहून गेली. अशा उघड्या उतारांचे फोटो काढून मग आपल्यालाच दाखवतात.

आता कायद्यावर येते. आमच्या मोक्याच्या दिवशी मला जे बोलता आलं नाही ते हे.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ ला जी जमीन ताब्यात होती तिचा हक्क मागता येतो, जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच. मोजणीवाला "प्रत्यक्ष ताबा" हा शब्द धरून बसतो. पण २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली, त्यात नियम १२ अ आला. त्यात लिहिलं आहे की कसण्याच्या हक्कात शेतीला जोडून असलेल्या कामांची जमीन पण धरायची. गुरं ठेवायची जागा, मळणी-उफणणीची जागा, धान्य ठेवायची जागा, झाडांचं पीक, आणि पाळीपाळीने पडीक ठेवलेली जमीन. साथींनो, हे शेवटचं पाठ करा. आजा ज्याला निजलेली म्हणायचा ती जमीन नियमात आहे. चार हेक्टरच्या आत बसत असेल तर ती दाव्यात यायलाच पाहिजे.

दुसरं. कुठेकुठे वरून काढलेला सॅटेलाइटचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, २००५ ला इथे झुडपं दिसतात, शेत नाही. झुडपं दिसणारच, त्या वर्षी ती निजली होती. त्याच नियमात आहे की असा फोटो इतर पुराव्यांच्या जोडीला चालेल, पण त्यांच्या जागी चालणार नाही. फोटो आहे म्हणून म्हाताऱ्या माणसाचा जबाब कचऱ्यात टाकता येत नाही.

तिसरं, नियम १३, पुरावे. त्यात घर, झोपडी, आणि जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा आहेत. सपाटीकरण, बांध, अडवलेलं पाणी. त्यात वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब आहे. म्हणजे तुमच्या उतारावरचा आजाने रचलेला दगडाचा बांध हा पुरावा आहे. शेतातून वेचून एका जागी टाकलेले दगडाचे ढीग झुडपात शोधा, ते रानात आपोआप होत नाहीत. जुन्या नांगराच्या सरी गवताखाली पावलाला लागतात. ऐनाचे फुटवे सगळे एका उंचीचे असतील तर एकाच वर्षी जमीन सोडली हे दिसतं, आणि शेजारच्या तुकड्यातले वेगळ्या उंचीचे असतील तर ती वेगळ्या वर्षी सोडली. हे मोजणीवाल्याला बोट लावून दाखवायचं आणि पंचनाम्यात लिहायला लावायचं. "पडीक" असं लिहू द्यायचं नाही. "फेरपालटीसाठी ठेवलेली, अमुक साली पीक घेतलेली" असं लिहायला लावायचं. कोणत्या साली कोणतं पीक ते घरात बसून आधीच वहीत लिहून ठेवा. लग्न, मूल, बैल मेला, याच्यावरून साल आठवतं. आमच्या आजीने सगळं थोरल्या आत्याच्या लग्नावरून सांगितलं.

आणि लिहिण्याआधी सही करायची नाही. हे मी कोणत्या तोंडाने सांगते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या दाव्यासाठी आता आम्ही ग्रामसभेत फेरमोजणीचा ठराव मागितला आहे. उपविभागीय समितीने क्षेत्र कमी केलं तर कारण लेखी मागायचं, आणि कळल्यापासून ६० दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करायचा. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो निकाली काढता येत नाही.

आता थोडं कडू बोलते. वरची सगळीच जमीन नांगरायला मागायची का? माझं मत, नाही. ज्या उतारावर उभं राहायला हात टेकावा लागतो तिथे नांगर घालून आपणच आपली माती घालवतो. तिथे गवत आणि झाड राहू दे. पण ती जागा सोडून पण द्यायची नाही. ती सामूहिक वनहक्काच्या दाव्यात घालायची, म्हणजे गवत, कवळ, मोह, हिरडा आपल्या ग्रामसभेच्या हातात राहील आणि रान राखायचा अधिकार पण मिळेल. यावर आपल्यात वाद आहे. मागच्या बैठकीत एका दादांनी सांगितलं की आपणच असं बोललो तर गार्ड हेच वाक्य उचलून सगळा उतार बंद करेल. त्यांची भीती खोटी नाही. तरी मला वाटतं, कुठे नांगर नको हे आपण ग्रामसभेत ठरवून लिहून ठेवलं तर त्याला ते आपल्याविरुद्ध वापरणं अवघड जाईल. तुम्ही बोला यावर.

दुसरं कडू. उभा नांगर. मी येताना रस्त्याने बघत आले, उतारावर वरून खाली सरी काढलेल्या. पाण्याला गटार करून दिलं की आपण. नांगर आडवा चालवायचा. आडवं कुठलं आणि उभं कुठलं हे लांब उतारावर डोळा फसवतो, म्हणून ही काठ्यांची चौकट आणली आहे. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर बांधल्या, मध्ये एक आडवी बांधली, वरच्या टोकाला सुतळी आणि सुतळीला दगड. चौकट उभी करायची, सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण. मग पाय अदलाबदल करून त्याच जागेवर उभी करायची, दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण. आता उतारावर सुतळी मधल्या खुणेवर येईल असे पाय टाकत जायचं, प्रत्येक पायाजवळ दगड ठेवायचा. दगडांची ती ओळ समपातळीत असते. तिच्यावर दगडी बांध रचा. बांधाच्या मागे दोन-तीन पावसाळ्यांत माती साठते, ती तुमचीच वाहून जाणारी माती. पैसा लागत नाही, हात लागतात. बांधाला लावून गिरिपुष्पाच्या फांद्या खोचा, त्या जगतात. त्याचा पाला खाचरात चिखलात तुडवला तर नत्र धुरात जात नाही आणि ऐन पण इतका छाटावा लागत नाही. मी राब बंद करा म्हणत नाही. राबाला कवळ कमी पुरतोय हे तुम्हीच सांगता, म्हणून थोडा भाग असा करून बघा म्हणते. आमच्याकडे बाबा अजून मानत नाहीत. एका कोपऱ्यात करू दिलं आहे.

युरियाचं पण सांगते. उतारावर नुसतं पांढरं खत टाकलं तर पहिल्या जोरदार सरीत ते ओहळात. कूजच नाही तर ते धरणार कोण? पैसे पाण्यात म्हणतात ते हेच.

पट्टा हातात आला की बांधबंदिस्तीचं काम रोजगार हमीतून स्वतःच्या जमिनीवर मागता येतं. ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांना जमीन सुधारणेच्या योजना द्याव्यात असं नियमांत आहे. पण पट्ट्यात जेवढी जमीन तेवढ्यालाच योजना. बावीस गुंठ्यांचा पट्टा असेल तर बावीस गुंठ्यांनाच बांध. वरचा उतार उघडाच राहणार आणि त्याची खडी एक दिवस खाचरात येऊन पडणार. मोजणीच्या दिवशी एक तुकडा सुटला तर पुढे काय काय सुटतं ते लक्षात घ्या.

सोमवारी सकाळी आमच्या पाड्यावर आम्ही टाकलेले तुकडे स्वतः मोजणार आहोत, समितीच्या वहीत नोंद करणार आहोत. ज्यांच्या पाड्यावर मोका तपासणी व्हायची आहे त्यांनी दोन-दोन माणसं पाठवा, बघून जा. भाकरी बांधून आणा, आमच्याकडे चटणी आहे. एक लांब दोरी आणि म्हातारं माणूस बरोबर असू दे, कारण कोणत्या झाडापर्यंत नांगर जायचा ते म्हाताऱ्यांनाच माहीत आहे.

बाटल्या इथेच ठेवते. खाचराची अजून निवळली नाही, हलवू नका कुणी. आता कुणाला विचारायचं असेल तर विचारा, आधी बाया बोलतील.